धोंड्याचा महिना आणि मिस्त्रीचा बोकड

अधिक महिन्यात जावई हा नारायण असतो. एरवी आमचा नारायण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि तिथे त्याच्यावर चार जण ओरडतात, असं मुलगी सांगते. पण दर तीन वर्षांनी महिनाभर तो देव होतो. त्याला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, त्याच्यापुढे तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवतात. तेहतीसच का, असं मी एकदा आमच्या गुरुजींना विचारलं होतं. त्यांनी ताटाबाहेर उरलेला चौतिसावा उचलला.

त्या साली धोंड्याचा महिना जळगावच्या ऐन उन्हाळ्यात आला आणि बकरी ईदही त्यातच. मुलगी, जावई आणि साडेचार वर्षांची नात आधी धुळ्याला जावयांच्या मावशीकडे दोन दिवस राहून आमच्याकडे आले. मावशीकडे मांजर होतं. ते पहिल्याच दुपारी माळ्यावर चढलं, ते ही मंडळी निघेपर्यंत खाली उतरलं नाही, असं मुलीने हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

आमच्या शेजारी एक मिस्त्री राहतो. लाकडाचं काम करतो, दारं-खिडक्या आणि आता जास्त करून मॉड्युलर किचन. दोन्ही घरांपुढे एकच लांब ओटा आहे. ओट्याच्या त्याच्या टोकाला वर्षभर एक बोकड बांधलेला असे. आदल्या ईदनंतर बोदवडच्या बाजारातून त्याने तो करडू असताना आणला होता. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचं सगळं मिस्त्रीची अकरा वर्षांची मुलगी करायची. बाभळीच्या शेंगा आणायची, दर शुक्रवारी अंघोळ घालायची, उन्हं वाढली की ओलं पोतं पाठीवर टाकायची. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला बापाने तीन गोष्टींची मनाई केली होती: कान धरायचा नाही, शिंग धरायचं नाही, पाठीवर बसायचं नाही. तो स्वतः रोज संध्याकाळी कामावरून आला की चहाच्या आधी बोकडाचे कान उलटसुलट करून पाही, खूर पाही, तोंड उघडून दात पाही.

“एवढं काय निरखतोस?” मी एकदा विचारलं. “विकायचाय का?”

“विकायचा असता तर एवढं बघितलं असतं का, नाना?” तो म्हणाला. “कुर्बानीच्या जनावरात ऐब चालत नाही. कान फाटलेला नको, शिंग मुळातून मोडलेलं नको, लंगडा नको.”

“मग ईदच्या दोन दिवस आधी चांगला बघून आणायचा. सगळे आणतात.”

“मी पण आजवर तसाच आणला. पण दोन दिवसांच्या ओळखीचा द्यायला काय जड जातं? ज्याच्यावर जीव लागलाय, तो दिला तर देणं. एकदा तरी तसा द्यायचाय.”

मी कोणत्याच देवाच्या बाजूचा नाही. तरीही मला वाटलं की दानावर मी जे काही वाचलंय, त्यातल्या बऱ्याच पानांपेक्षा हे स्वच्छ आहे. देणाऱ्याला काहीतरी दुखलं पाहिजे, ही अट आमच्या अनारशांना नाही.

नात आली त्याच संध्याकाळी बोकडाचा शोध लागला. तिने सरळ जाऊन दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही कान धरले आणि मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर पिळावा तसे पिळले. बोकड मागे सरकला. ती त्याच्याबरोबर सरकली.

मिस्त्रीची मुलगी धावत आली. “कान नको ओढू, त्याला लागतं.”

“खेळू दे गं,” आमची मुलगी म्हणाली. मोबाइल तिने आधीच वर धरला होता. “ती प्राण्यांना अजिबात घाबरत नाही. बाकीची मुलं बघ, कुत्रं दिसलं की रडतात.”

“ताई, पण तो घाबरतोय ना.”

“तो? एवढा मोठा?”

जावई म्हणाले की मुलांना ‘नाही’ हा शब्द ऐकवायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. त्याने मेंदूची वाढ खुंटते. पुण्यात यावर त्या दोघांनी एक कोर्स केला होता. मेंदू कोणाचा, हे मी विचारलं नाही. पाहुणचाराचा तो पहिलाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी शेपटी झाली. तिसऱ्या दिवशी तोंडात बिस्किटाचा पुडा कागदासकट कोंबून झाला. बोकड आता नात दिसली की दोरी ताणून भिंतीला चिकटून उभा राही. मुलीने त्याचाही व्हिडिओ काढला आणि ‘बघा, लाजतोय’ असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तीसेक जणांनी हसरे चेहरे पाठवले. त्यात एक धुळ्याच्या मावशींचाही होता. त्यांचं मांजर तोवर उतरलं असावं.

मिस्त्रीला मी म्हटलं, “तू सांग ना त्यांना.”

“पाहुणे आहेत, नाना. लेकरू आहे. तुमचे जावई म्हणजे आमचेच.” त्याने बोकड आत, जिन्याखाली बांधला. नात जिन्याखाली गेली.

मग मी बायकोला म्हटलं. ती स्वयंपाकघरात अनारसे तळत होती आणि प्रत्येक अनारसा कढईत हसून फुटतो की काय, यावर तिचं सगळं लक्ष होतं. ती भडगावची. चिडली की प्रमाण मराठी सोडून अहिराणीत येते.

“तुम्हले बठ्ठं दिसस, मंग तुम्हीच बोला ना.”

“सगळं दिसतं म्हणून काय झालं? तू आई आहेस.”

“धोंडाना महिना शे. जावईबापूंना आत्ता काही बोलायचं नाही. परवा वाण देऊन झालं की काय ते सांगा.”

म्हणजे बोकडाला परवापर्यंत थांबायचं होतं. मी थांबलो. माणसं जे करतात ते बघायचं आणि मनात एखादं वाक्य जुळवून ठेवायचं, अशी माझी जन्माची सवय. वाक्य चांगलं जुळलं की आपण काहीतरी केलं, असं वाटतं.

वाणाचा दिवस ईदच्या तीन दिवस आधी आला. खापरावरचे मांडे, आमरस, पुरणाचे धोंडे. जावयांना पाटावर बसवलं. बायकोने त्यांच्या पायांवर पाणी घातलं तेव्हा त्यांनी संकोचाने पाय आखडले, तेवढ्यापुरते ते मला फार बरे वाटले. मग रेशमी सदरा, कुंकू, फोटो. फोटो फार झाले. जेवणं झाल्यावर मुलीच्या मनात आलं की जावई आणि नात अशा बाप-लेकीचा एक फोटो बाहेर ओट्यावर व्हावा, ‘गावाकडचा’. जळगाव गाव आहे, ही बातमी मला नवी होती.

मिस्त्री कामावर होता. त्याच्या मुलीने बोकड पाणी पाजायला ओट्यावर आणला होता. जावयांनी नातीला उचललं आणि बोकडाच्या पाठीवर बसवलं.

“काका, नको,” मिस्त्रीची मुलगी म्हणाली. “बसायचं नसतं.”

“एक सेकंद, बेटा. फक्त क्लिक.”

मी दारात सुपारी कातरत उभा होतो. माझ्यापासून बोकड सात-आठ पावलांवर होता. मी म्हणालो, “अहो—” आणि पुढचा शब्द शोधत राहिलो. जावयांना काय म्हणून हाक मारायची, हे मला लग्नापासून नीट ठरवता आलेलं नाही.

नातीने दोन्ही शिंगं धरून टाचा मारल्या. बोकडाने ओट्यावरून उडी टाकली. खाली गटारीवर लोखंडी जाळी आहे. त्याचा पुढचा डावा पाय जाळीत गेला आणि अंग पुढे गेलं. आवाज वाळकी काटकी मोडावी तेवढाच झाला.

नातीचा गुडघा खरचटला होता. चार मोठी माणसं तिच्याकडे धावली, त्यात मीही होतो. हळद आली, बर्फ आला, ‘गंदा बकरा’ असं म्हणून झालं. पाच-सात मिनिटांनी मी वळून पाहिलं. मिस्त्रीच्या मुलीने एकटीने जाळीतून पाय सोडवला होता आणि बोकडाचं सगळं वजन अंगावर घेऊन ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. बाप यायची वाट बघत होती.

मिस्त्री आला आणि तसाच बोकडापाशी बसला. पाय हातात घेऊन त्याने बोटांनी चाचपला. जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. ते म्हणाले, हाड सरळ मोडलंय, धडपणे बांधलं तर पाच-सहा आठवड्यांत जुळेल. डॉक्टरांच्या बॅगेतल्या कामट्या मिस्त्रीला पसंत पडल्या नाहीत. त्याने घरातल्या सागाच्या पट्ट्या काढल्या, रंधा मारला, कडा घासल्या, आतून कापूस लावला आणि डॉक्टर सांगतील तशा चारी बाजूंनी बसवल्या. एखादा दरवाजा चौकटीत बसवावा इतक्या नेमकेपणाने. मग हातपाय धुऊन तो मशिदीत विचारायला गेला. परत आला तेव्हा मी ओट्यावरच होतो.

“नाही चालत,” तो म्हणाला. “पाय टेकत नाही ना. यावर्षी हा नाही.”

जावईही बाहेर आले होते. खरोखर ओशाळले होते, हे मला नमूद केलं पाहिजे. त्यांनी मोबाइल काढला. “दादा, किती होतील ते सांगा. आत्ताच पाठवतो.”

“राहू द्या, साहेब.”

“नाही, असं कसं? नवीन आणायला—”

“नवीन तर आणेनच,” मिस्त्री म्हणाला आणि बोकडाला उचलून आत गेला.

‘नवीन’ या शब्दात काय हुकलं, ते जावयांना कळलं नाही. मी समजावून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना मुलीच्या एकदम लक्षात आलं. “म्हणजे बाबा, त्याला आता कापणार नाहीत?”

“या वर्षी नाही.”

“म्हणजे आपल्या पिल्लूमुळे वाचला की हो तो!”

अर्ध्या तासात ग्रुपवर मजकूर आला. आमच्या नातीने एका मुक्या जिवाचे प्राण वाचवले. सोबत ‘लाजतोय’वाला जुना व्हिडिओ. या वेळी हात जोडलेले, फुलं, आणि कोणीतरी लिहिलं की असे संस्कार आजोळीच होतात. तोपर्यंत मी त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. चष्मा लावून मी एका बोटाने टाइप केलं: “तिच्या वडिलांनी तिला बोकडावर बसवलं. त्याने घाबरून उडी मारली आणि त्याचा पाय मोडला. शेजाऱ्याने तो वर्षभर वाढवला होता. मी दारात उभा होतो आणि काही बोललो नाही.”

मजकूर बायकोच्याही मोबाइलवर वाजला. बायको आतून म्हणाली, “महिना संपेपर्यंत तरी थांबायचं होतं.” दुसऱ्या दिवशी ती मंडळी ठरल्याच्या एक दिवस आधी निघाली. अनारसे डब्यात घालून दिले.

ईदला मिस्त्रीने बाजारातून एक काळा बोकड आणला. चांगला, मोठा, निर्दोष. मी शुभेच्छा द्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “फर्ज पार पडलं, नाना.” मग टोपी काढत, “पण काही वाटलं नाही. सकाळी त्याच्याकडे बघितलं, काहीच वाटलं नाही.”

मी त्याला म्हटलं की मी बोलायला हवं होतं.

“हो,” तो म्हणाला. एरवी तो ‘जाऊ द्या’ म्हणतो. या वेळी म्हणाला नाही आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

पुढचे आठवडे त्याने त्या पट्ट्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. हाड वाकडं जुळू नये म्हणून बोकडाला झोळीत अर्धवट टांगून ठेवायची एक चौकट केली. कारण उघड होतं. पाय सरळ जुळला आणि लंगड राहिली नाही, तर पुढच्या वर्षी हाच बोकड. हे मला कळलं होतं, तसं त्याच्या मुलीलाही कळलं होतं. एका दुपारी ती माझ्याकडे शाळेचं पुस्तक मागायला आली आणि दारातच घोटाळली.

“नाना, थोडासा लंगडा राहिला तर?”

“किती थोडासा, त्यावर असेल.”

“चालतो पण थोडा लंगडतो, असा?”

“तुझ्या अब्बांना विचार.”

“त्यांना कसं विचारू?” ती म्हणाली. बोकडाला पाला मात्र ती रोज घालत होती आणि बाप पट्ट्या बांधताना पाय घट्ट धरून ठेवत होती, हे मी पाहत होतो. सैल धरणं तिला सहज जमलं असतं.

पट्ट्या कायमच्या काढल्या त्या सकाळी मिस्त्रीने मला बोलावलं. बोकडाला ओट्याखाली सपाट जमिनीवर उभं केलं. मिस्त्री एका बाजूला उकिडवा बसला, डोळे खुराच्या उंचीवर. मुलगी दुसऱ्या बाजूला. बोकडाने पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग चालला. पाच-सहा पावलं, पाल्याच्या जुडीपर्यंत.

“नाना, तुम्ही इकडून सांगा,” मिस्त्री म्हणाला. “लंगडतो का?”

मुलगीही माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. तो लंगडत नव्हता.

मिस्त्रीने मान हलवली, उठून बोकडाच्या मानेवर हात ठेवला आणि सवयीने त्याचे कान उलटसुलट करून पाहिले. हात काढताना त्याचा चेहरा काही खूश झालेल्या माणसाचा नव्हता. मुलीने खाली पडलेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि पाल्याची जुडी सोडून बोकडापुढे पसरली.