आईची मोटारसायकल आणि गळणारं तेल

अंगणातल्या ओल्या फरशीवर तेलाचा एक तवंग पसरलेला असायचा... कोवळ्या उन्हात त्यात जांभळे, मोरपंखी रंग हलायचे, आणि तो दिसला की आईच्या कपाळावर आठी चढायची. "आजबी गळलंच!" एवढंच म्हणून ती बादलीभर पाणी त्यावर ओतायची, नि तवंग तुटून गटारापर्यंत पोहत जायचा.

आर्णीच्या आमच्या घरासमोर उभी असणारी ती मोटारसायकल मुळात बाबांची. त्यांची नजर अधू झाल्यावर ती आई चालवू लागली. आई नर्स होती. लसींचा डबा मागे बांधून ती कपाशीच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांनी गावोगाव फिरायची, आणि तिन्हीसांजेला परतायची ती स्पिरिट, धूळ नि करपलेलं तेल यांचा एकत्र दरवळ घेऊन. त्या हिवाळ्यात तिच्या प्रत्येक पातळाच्या काठाला काळे डाग पडले होते.

बसस्टँडजवळच्या मिस्त्रीने आधी इंजिनाच्या एका बाजूचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, बदललं. चार दिवस फरशी कोरडी राहिली, मग दुसऱ्या बाजूने पाझर सुरू झाला. तिथलं सील बदललं, तर वरून ओघळ यायला लागला!

"भाऊ, मांगच्या खेपेले बी तुमी हेच म्हनलं होतं," आई म्हणाली.

"म्हातारी झाली गाडी, ताई. आता गळनारच."

काका तर रोज संध्याकाळी येऊन ऐकवायचे, "वहिनी, इकून टाका. बाईमानसाच्या हाती गाडी टिकते का कुठी?" बाबा अंधुक डोळ्यांनी भिंतीकडे पाहत बसत.  आईच्या त्या रात्रीच्या भाकरी जाड व्हायच्या, करपायच्या.

माझा राग वेगळाच होता. सुट्टीत तिने मला पुसदला मावशीकडे न्यायचं कबूल केलं होतं, आणि त्या तेलापायी ते दोनदा रद्द झालं. तिसऱ्या रविवारी मी नवा फ्रॉक घालून, रिबिनी बांधून तयार होते... आणि आई रॉकेलची वाटी घेऊन इंजिनापाशी बसली होती.

"आज नाही जमत, बाई. आज हे सापडवतोच मी."

मी दार आपटून आत गेले, पुस्तक उघडून खिडकीपाशी बसले.

तिने सारं इंजिन रॉकेलने धुतलं, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं केलं, आणि माझ्याच पावडरचा डबा आणून त्यावर पांढरा थर शिंपडला. गाडी सुरू करून ती वाकून पाहत राहिली. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली... मग दुसरीकडे दुसरी. तिने हातातलं फडकं फेकून दिलं. रडते की काय, असं मला वाटलं. पण ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली, आणि स्वतःशीच पुटपुटली, "दोन्हीकून एकदम? मंग आतूनच कायतरी ढकलून राह्यलं."

मग ती एकेक नळी चाचपत गेली. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी एक रबरी नळी सीटखाली दडलेली होती. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं! कोंडलेली वाफच जागा मिळेल तिथून तेल बाहेर रेटत होती. आईने तारेने कोरलं तशी सुकी माती नि माशीने पिलांसाठी साठवलेले, वाळलेले कोळी तळहातावर पडले, आणि ती हसली; तसं हसताना मी तिला त्या अख्ख्या हिवाळ्यात पाहिलं नव्हतं.

बाबांना ते दिसणार नव्हतं. काका अजून आले नव्हते. तिने मला हाक मारली, "ये वो, पाय तं काय सापडलं!"

"मले नाही पाहायचं," मी म्हणाले.

तिचा तळहात थोडा वेळ तसाच पसरलेला राहिला. मग तिने माती झटकली आणि हात धुवायला गेली.

सील पुन्हा एकदा बदलल्यावर तेल थांबलं, पुढे आई निवृत्त होईपर्यंत ती गाडी चालली. काकांनी विकायचा विषय पुन्हा काढला नाही. आम्ही पुसदलाही गेलो. आता आई नाही... मी खिडकीतून सगळं पाहत होते, अगदी कोळ्यांचे पायसुद्धा, हे मी तिला कधी सांगितलं नाही.