मामाजींचा ठोका

ह्या ग्रुपवर 'अमानवीय अनुभव' म्हणून जे काही येतं ते मी बरेच दिवस वाचतेय आणि निम्म्याहून जास्त वेळा हसतेय. पांढरी साडी, पिंपळ, मागून येणारी हाक... माझा ह्यातल्या कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि ती मला समजलेली नाही. न समजणं वेगळं आणि भूत मानणं वेगळं. हा फरक ज्यांना पटत नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

आधी शब्दाचं बोलू. तुम्ही अमानवीय म्हणता. माझ्या मते तो शब्द बायकोला जाळणाऱ्या माणसासाठी राखून ठेवायला हवा, पण असो, रूढ झालाय. आमच्या भंडारा जिल्ह्यात 'बाहेरचं' म्हणतात. बाहेरचं लागलं, बाहेरचं झालं. पवनीत माझं ब्युटी पार्लर आहे. डोळ्यांवर काकडी ठेवली की बाया आपोआप बोलायला लागतात, त्यामुळे हा शब्द कुठे कसा वापरतात ते मला चांगलं माहीत आहे. लेकरू दूध पीत नाही — बाहेरचं. म्हैस आटली — बाहेरचं. सून जेवत नाही, कुणाशी बोलत नाही — मग तर हमखास बाहेरचं. पुरुष तसाच बसून राहिला तर त्याला टेन्शन असतं! आणि एकदा हा शब्द कुणी उच्चारला की त्या बाईला 'तुला काय होतंय गं' असं कुणी विचारत नाही. म्हणून मला त्याची चीड आहे.

तर आमचं घर विणकरांचं. जुन्या बाजारामागच्या गल्लीत, समोरच्या खोलीत खड्डामाग. म्हणजे माग जमिनीलगत आणि विणणाऱ्याचे पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. त्यावर माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवतकाठी साड्या विणायचे. दोन्ही काठांना आडवं सूत नेणारा वेगळा धोटा, मधल्या अंगाला वेगळा, आणि तिन्ही सुतं एकमेकांत अडकवत जायचं. येरागबाळ्याचं काम नाही. माझा नवरा त्याच घरात जन्मला, त्याला आजवर जमलेलं नाही. तो कापडाचं दुकान बघतो. धाकटा दीर राजू चिखल्याकडे मँगनीजच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, सुट्टी मिळाली की येतो.

मामाजींचा डावा गुडघा अधू होता. त्या बाजूची पावडी नीट दाबली जायची नाही, म्हणून त्यांच्या मागाचा आवाज निराळा होता — दोन ठोके दणकट, तिसरा मऊ. सगळ्या गल्लीला तो ओळखू यायचा. आणि कापड उजेडात धरलं की बोटाबोटाच्या अंतरावर एक विरळ रेघ दिसायची. व्यापारी नाक मुरडायचे. मामाजी म्हणायचे, माझी सही आहे ती.

दिवाळीनंतर मामाजी गेले. मागावर साडी अर्धवट राहिली. आमच्या घरची रीत अशी की गेलेल्या माणसाचं कापड दुसऱ्या कुणी पुढे विणायचं नाही आणि कापायचंही नाही. वर्ष झालं की ताण्यासकट वैनगंगेत सोडायचं. त्यामुळे माग चादर टाकून तसाच झाकून ठेवला होता.

राजूची बायको शोभा, माझी धाकटी जाऊ. माहेर कोंढ्याचं, घरी धानाची शेती. लग्नाआधी तिने माग पाहिलाही नव्हता. आमच्याकडे आल्यावर पाहिला तो फक्त झाडण्यापुरता. स्वभावानं गरीब, तिची मुलगी परी तेव्हा दोन वर्षांची होती. शोभा मला बाई म्हणते.

उन्हाळ्याचे दिवस. मी दुपारी जेवायला घरी निघाले. लाइट गेलेली, त्यामुळे गल्लीत टीव्ही नाही, कूलर नाही, सगळं चिडीचूप. वळणावर आले आणि ऐकू आलं... दोन दणकट, एक मऊ. दोन दणकट, एक मऊ. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मग वाटलं राजू आला असेल, बापाची नक्कल करत असेल. तशी स्वतःची समजूत घालतच मी आत शिरले.

मागावर शोभा होती. पदर खोचलेला, पाय खड्ड्यात, तिन्ही धोटे एकामागून एक पळताहेत. परी बाजूच्या खाटेवर झोपलेली. शोभानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी म्हणाली, कुकर झाला आहे, वाढून घेता का. डोळे तिचे, आवाज तिचा. घुमणं नाही, केस मोकळे नाहीत, काही नाही.

मी विचारलं, "शोभे, काय करून राहिली?"

"कापड पुरं करून राहिली जी."

"तुले कोणं शिकवलं?"

"कोणीच नाही, बाई. मी पुसायले बसली, अन् पायाले समजून राहिलं."

मी तिला थांबवायला हवं होतं, असं मला नंतर खूप जणांनी सुनावलं. नाही थांबवलं. तिथेच उंबऱ्यावर बसले. पार्लर काढलं तेव्हा ह्या घरात एकटे मामाजी माझ्या बाजूने उभे राहिले होते. ते गेल्यापासून पहिल्यांदा ते घरात आहेत असं मला वाटलं आणि मी रडले. भीती वाटली नाही. वाटली असती तर लिहिलं असतं.

तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या. ठोका त्यांनीही गल्लीतूनच ऐकला होता, त्यांच्या मागे शेजारच्या चारपाच बाया. शोभा गडबडून खड्ड्यातून वर आली. पिशवी सासूबाईंच्या हातातून गळाली आणि त्यांच्या पाठीमागून कुणीतरी तो शब्द उच्चारला.

मी कापड उजेडात धरून पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. झाकून ठेवलं होतं त्यापेक्षा कापड वीतभर पुढे गेलं होतं. जुनं कुठे संपतं आणि नवीन कुठे सुरू होतं ते मला सापडलं नाही. विरळ रेघ बोटाबोटावर, जिथल्या तिथे. शोभाचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत, हे लक्षात घ्या.

मग जे सुरू झालं त्याला म्हणा अमानवीय. शोभाच्या हातचं पाणी बंद. परी तिच्याजवळ झोपेना, म्हणजे झोपू देईनात. राजू चिखल्याहून आला, बायकोशी एक शब्द न बोलता आईशीच बोलला, आणि ठरलं काय, तर शोभाला एका जाणत्या बुवाकडे न्यायचं, तिथून कोंढ्याला माहेरी सोडायचं. 'उतरेपर्यंत'. कधी उतरणार ते बुवा सांगणार. आणि परी इथे राहणार. मी नवऱ्याला म्हटलं, काही बोला. तो म्हणाला, आई आहे ती.

सकाळी ऑटो दारात आला. राजूनं बॅग ठेवली. शोभा आत बसली, ओरडली नाही, नुसती परीकडे बघत होती. परी सासूबाईंच्या कडेवर हात पसरून रडत होती. माझ्याच्याने ते बघवेना. मी त्यांच्या कडेवरून पोर ओढून घेतली आणि जाऊन शोभाशेजारी ऑटोत बसले.

सासूबाई म्हणाल्या, "उतर खाली. तुले काय झालं?"

"हिले जे झालं तेच. ती विणून राहिली होती, मी बघून राहिली होती. मलेही न्या बुवाकडे."

"सून हायेस, तोंड सांभाळून बोल. बाहेरचं आहे ते, तुले समजत नाही."

सासूबाईंशी मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर बोलले.

"आई, ते कापड तुम्ही पाह्यलं. हात कोणाचा आहे, सांगा बरं सगळ्यायले. आयुष्यभर ज्याच्या मागाले सूत भरून देल्लं, त्याचा हात तुमाले ओळखू येत नाही का? अन् येत असंल, तर तुम्ही कोणाले बाहेरचं म्हणून राहिल्या?"

 ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. सासूबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता माझीही बॅग बाहेर येणार. मग त्या ऑटोजवळ आल्या, वाकून शोभाचे दोन्ही हात हातात घेतले, तळवे वर करून पाहिले. आणि मामाजींच्या तेराव्यालाही ज्या रडल्या नव्हत्या त्या तिथे, रस्त्यात, मोठ्यानं रडल्या.

"राजू, बॅग उतरव," त्या म्हणाल्या. "अन् माह्या माणसाले कोणी बाहेरचं म्हणू नोका."

कापड नदीत गेलं नाही. सासूबाईंनी स्वतः कात्री लावली आणि परीच्या लग्नासाठी पेटीत ठेवलं. रीत मोडली, आकाश काही कोसळलं नाही.

आता तुम्ही कमेंटमध्ये सांगाल, ती बघून बघून शिकली असेल. मीही तेच धरून बसले होते. नंतर मी स्वतः तिला मागावर बसवलं. एकदा नाही, खूपदा. पाय कुठे ठेवायचा तेही कळेना. सुतं तुटली, धोटा खाली पडला, आम्ही दोघी हसून हसून बेजार. दुसरे सांगतील, आत्मा. मामाजींचा आत्मा असता तर आधी चहा मागितला असता! स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या दुपारी मला जे ऐकू आलं आणि दिसलं ते मी लिहिलं. त्याला नाव द्यायची मला गरज वाटत नाही आणि दुसऱ्यानं दिलेलं मी चालवून घेणार नाही.

शोभा आता माझ्याच पार्लरमध्ये काम करते. मध्यंतरी भुवया कोरून घ्यायला आलेली एक गिऱ्हाईक बाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघत मला हळूच विचारत होती, तुमच्या जावेला ते बाहेरचं झालं होतं ना? मी दोरा गुंडाळून ठेवला आणि तिला एकाच कोरलेल्या भुवईनिशी घरी पाठवलं.