बोला, पण हलू नका

तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिला बोलता यायचं नाही आणि समोरच्याला गप्प राहवायचं नाही. नवे कपडे शिवणं तिने केव्हाच सोडलं होतं. आता फक्त दुरुस्ती. पॅंट आखूड करायची, चेन बदलायची, पोट सुटलेल्यांसाठी शिवणीत दाबलेली माया, म्हणजे जादा कापड, उसवून कंबर सैल करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा आणि मध्ये एक बुटकं स्टूल. गिऱ्हाइकाने स्टुलावर उभं राहायचं, मावशीने जमिनीवर बसून टाचण्या लावायच्या.

माप घेण्याची तिची एक रीत होती. "बोला, पण हलू नका," असं म्हणून ती टाचण्या ओठांत धरायची आणि माणसाला बोलू द्यायची. आरशासमोर उभा राहिला की जो तो पोट आत ओढतो, खांदे ताणतो, आणि त्या मापाचा कपडा घरी गेल्यावर काचतो. सासूवर, साहेबावर, गुडघेदुखीवर गाडी आली की माणूस आपसूक सैल पडतो. तेव्हा मावशी टाचणी खुपसायची, अर्थात कापडात. अधूनमधून नुसतं "हं" म्हणायची. त्या एका हुंकारावर तिला अख्ख्या इमारतीची सुखदुःखं कळली होती, आणि त्यातलं काही कधी खोलीबाहेर गेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई तर गणवेश नीट बसत असतानाही येत. "मावशी, काखेत जरा घट्ट वाटतंय," असं म्हणायचं, स्टुलावर चढायचं आणि नवऱ्याबद्दल बोलायला लागायचं. काखेत घट्ट वगैरे काही नसायचं. दोघींनाही ते ठाऊक होतं.

मग मावशी एकदा त्याच स्टुलावरून पडली. माळ्यावरचा डबा काढायला चढली होती. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण मुलगा परदेशात, एकुलता एक आणि स्वभावाने भित्रा. तो सुट्टी काढून आला आणि आरशाच्या वर एक कॅमेरा लावून गेला, दुसरा स्वयंपाकघरात. त्यातून दिसायचं, ऐकू यायचं, वर बोलताही यायचं. "आता मला घोर नाही," तो म्हणाला. मावशीला भरून आलं. पोरगं आता रोज आपल्याला बघणार, या विचाराने ती ठेवणीतले कपडे घालून मशीनवर बसू लागली.

आता काय झालं ते ऐका. नर्सबाई स्टुलावर उभ्या होत्या. एक बाही अंगात, एक खाली लोंबत, आणि नवऱ्याने घरात बोलणंच टाकलंय हे सांगताना डोळ्यांना पाणी. एवढ्यात आरशाच्या वरून आवाज आला, "आई, ते स्टूल भिंतीशी घे, डुगडुगतंय."

नर्सबाईंनी लोंबणारी बाही छातीशी ओढून धरली. दोन टाचण्या अंगात रुतल्या तरी त्यांना कळलं नाही. मावशीने टाचण्या तोंडातून काढल्या, "अहो, माझा मुलगाच आहे तो," म्हणाली. पण त्याने काय होणार होतं? नर्सबाई गेल्या. पुढे गणवेश शेजारणीच्या हाती येऊ लागला, सोबत मापाची चिठ्ठी.

बातमी इमारतभर झाली. बाकीची गिऱ्हाइकं येत, पण स्टुलावर ताठ उभी राहत, नजर कॅमेऱ्याकडे. मावशीने कितीही "बोला" म्हटलं तरी हवापाण्याच्या पुढे गाडी जाईना. कपडे काचू लागले. तिने बाथरूममध्येही माप घेऊन पाहिलं. बादलीशेजारी उभ्या असलेल्या बाई हसून हसून हलत राहिल्या, टाचण्या मोरीत गेल्या, आणि इतक्यात मुलाचा निरोप आला, "आई, इतका वेळ आत? पोट बिघडलंय का?"

एके दिवशी वैतागून तिने कॅमेऱ्यावर चिंधी टाकली आणि भाजीला गेली, फोन घरीच ठेवून. परतली तेव्हा दार उघडं होतं, लॅच तुटलेलं आणि आत वॉचमन ओशाळून उभा. मुलाने त्याला फोन करकरून दार फोडायला लावलं होतं. फोनवर मुलगा रडत होता. "आई, माझा जीव गेला होता गं. पुन्हा असं करू नकोस." हातात भाजीची पिशवी घेऊन तिने कबूल केलं. आईने आणखी काय करायचं असतं? तिने चिंधी स्वतःच काढली.

तिची खरी कोंडी मात्र वेगळीच होती. कॅमेरा लागल्यापासून मुलाचा फोन येईनासा झाला होता. आधी दर रविवारी यायचा, "जेवलीस का"पासून सुरू व्हायचा. आता तिने केला तर म्हणे, "अगं, बघतो की तुला रोज. मस्त दिसतेस." ती मात्र त्याला बघत नव्हती. तिच्या बाजूला होता कॅमेऱ्यावरचा एक हिरवा ठिपका.

एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. फोन वाजला. "आई, काय झालं? हलत का नाहीस?" दिवसा घरात बराच वेळ हालचाल नसली की त्याच्या फोनवर इशारा जातो, हे तिला तेव्हा कळलं. मुलाच्या आवाजात लहानपणचा घाबरटपणा होता. तो घाबरला याचं तिला वाईट वाटलं, आणि लाज वाटावी इतकं बरंही वाटलं. मग दोघं खूप वेळ बोलली. त्याच्या खोकल्याबद्दल, घरमालकाबद्दल, लग्नाच्या फिसकटलेल्या बोलण्यांबद्दल. शेवटचं तर तिला माहीतच नव्हतं.

त्यानंतर टाचणीमावशी हलायची थांबली. रोज नाही, पण फारच एकटं वाटलं की ती काम बाजूला ठेवायची, हात मांडीवर घ्यायची आणि कॅमेऱ्यासमोर नुसती बसायची. नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही. फोन यायचा. पण हळूहळू मुलाचा आवाज घाईचा होत गेला, आणि एकदा तो म्हणाला, "आई, मी ते जरा सैल केलंय. आता इशारा लवकर येत नाही. तुला उगाच त्रास नको." म्हणजे आता तिला आणखी वेळ बसायला लागायचं. पाय बधिर व्हायचे. ती तरी बसायची.

परवा ती तशीच बसली होती. ऊन मशीनवरून सरकून आरशावर आलं होतं, म्हणजे फोनची वेळ होत आली होती. तेव्हा दार वाजलं.

"मावशी, आहात का? मी आहे, वरची." नर्सबाईंचा आवाज. "आज गणवेश नाही आणलेला. आत नाही येत मी. बाहेर जिन्यात बसू या का जरा? तिथं काही लावलेलं नाही."

मावशीची मान दाराकडे वळू लागली. ती तिने तिथंच धरली. उठावं, दार उघडावं, जिन्यात बसून त्या बाईला पोटभर बोलू द्यावं, असं तिला मनापासून वाटलं. पण उठलं की सगळं पहिल्यापासून. मग आज फोन नाही.

"झोपल्यात वाटतं," नर्सबाई दाराशी पुटपुटल्या. मग त्यांच्या चपला एकेक पायरी वर गेल्या.

फोन वाजला. मावशीने झडप घालून उचलला.

"आई, बरी आहेस ना? मी मीटिंगमधून उठून आलोय गं."

"बरी आहे. तुझा खोकला कसाय?"

"बरा आहे. दार वाजल्यासारखं ऐकू आलं मला आत्ता. कोण आलं होतं?"

"कोणी नाही रे," मावशी म्हणाली. "तू बोल."

"संध्याकाळी बोलतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.