ती माझ्याकडूनच निघाली होती

माझी भाची घाटकोपरहून एकटीच माझ्या भांडुपच्या घरी आली, तेव्हा तिच्या कॉलेजच्या वहीत कोर्टाचं समन्स होतं. "मावशी, आईबाबांना सांगू नकोस," एवढंच म्हणाली. नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. वडिलांची मोपेड लायसन्स नसताना चालवली, गांधीनगरचा सिग्नल तोडला आणि पुढे आग्रा रोडवर हवालदाराने पकडलं. मला त्यात फारसं काही वाटलं नाही. दंड भरायचा आणि सुटायचं. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कोर्टाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दचकून बघायची. मी सोबत आणलेली पोळी तिने हातातही घेतली नाही. वडिलांना कळेल म्हणून घाबरलीय, असं मी धरून चालले.

तिला पकडणारा हवालदारही आला होता. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. टोपी काढून तो आमच्या शेजारी बसला.

"घाबरू नको पोरी. कबूल म्हणायचं, दंड भरायचा." मग जरा थांबून म्हणाला, "एक विचारायचं होतं. त्याच दिवशी, त्याच सुमाराला, गांधीनगरच्या सिग्नलच्या अलीकडे, पवईच्या उतारावर एका सायकलवाल्याला कोणीतरी ठोकून पळालं. मोपेडवर मुलगी होती, असं तिथला पानवाला सांगतो. तू कुठून येत होतीस?"

भाचीने माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरला. मी विचार करायच्या आतच बोलून गेले, "ती माझ्याकडूनच निघाली होती. भांडुपहून. चहा पिऊन."

"असं का," तो म्हणाला. उठून समोरच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. गेला मात्र नाही.

"काय गं?" मी दबल्या आवाजात विचारलं.

"मी मागे वळून बघितलं, मावशी. तो उठत नव्हता. म्हणून तर सिग्नलला थांबले नाही." तिचे ओठ सुकले होते. "जिवंत आहे का, विचार ना त्यांना."

"गप्प बस."

तेवढ्यात शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल?" ती हो म्हणाली. मिनिटभरात सगळं आटोपलं. दंडाची पावती घेऊन मी तिला जवळजवळ ओढतच जिन्याखाली आणलं. फाटकाशी ती थांबली.

"मी सांगून येते."

मी तिचं मनगट धरलं. "वेडी आहेस का? पोलीस घरी येतील. आणि मी आत्ताच काय सांगितलंय त्यांना?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. तिलाही.

"तुझं नाही सांगणार मी," ती म्हणाली. हात सोडवून परत जिना चढून गेली.

मी खालीच उभी राहिले. झाडाखाली टायपिस्ट कोणाकोणाचे अर्ज बडवत होते. खोटं कशाला सांगू, सरळ बसस्टॉपवर जावं असं एकदा मनात आलं. शेवटी वर गेले. खिडकीपाशी ती बोलत होती आणि हवालदार नुसता ऐकत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, चहा पिऊन निघाली, म्हणालात ना?"

"नाही. माझ्याकडे आलीच नव्हती ती," मी म्हटलं.

त्याने माझं प्रकरण वाढवलं नाही. तिच्यावर मात्र दुसरी केस उभी राहिली. सायकलवाला जिवंत होता. मांडीचं हाड मोडलं होतं, कारखान्यातली नोकरी जेमतेम टिकली होती. तिच्यापासून लपवलं म्हणून ताईने, भाचीच्या आईने, सहा महिने माझ्याशी अबोला धरला. निकालाच्या दिवशी दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा झाली. मी मागच्या बाकावर बसले. शेजारी कुबडी घेऊन तो सायकलवाला होता.

"मुलगी तुमची?"

"भाची."

"तिने सांगितलं म्हणून कळलं तरी," तो म्हणाला. "नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक मोपेडकडे बघत राहिलो असतो."

त्याची कुबडी घसरून खाली पडली, ती मी उचलून दिली. समोर भाची ताठ बसली होती आणि कोर्ट उठायला अजून तीन तास होते.