पुराचं एक्सेप्शन

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघालाच तर चहा मागवायचो.

चंद्रपुरात बसून आम्ही गडचिरोलीतल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी एक प्रोग्राम लिहिला. नर्सबाईंनी मोबाइलवरून रोजचा अहवाल पाठवायचा. कुठे अडलं की प्रोग्राम 'एक्सेप्शन' फेकतो, म्हणजे काय बिनसलं ते सांगतो. तयार एक्सेप्शन असतातच, पण स्वतःची बनवायची मला भारी हौस. नावात जास्तीची जागा सुटली, त्याचं वेगळं. वय शून्याखाली आलं, त्याचं वेगळं. बारशाला बसल्यासारखा मी नावं ठेवत होतो. प्रोग्राम मात्र सगळ्यांवर एकच करायचा: अहवाल परत, शेरा 'चुकीची माहिती'.

माझा सहकारी घुग्घुसहून मोटारसायकलवर यायचा, अंगावर अर्धा रस्ता घेऊन. यादी पाहून म्हणाला, "भाऊ, इतकी नावं तर आमच्या मोहल्ल्यातही नाई. जिथी पुढं काही वेगळं करायचं हाय, त्यालेच वेगळं नाव द्या ना. पुरामुळं अहवाल उशिरा आला, तर तो परत नाई करायचा, घ्यायचा. त्याचं एक्सेप्शन कुठी हाय?"

"नावं जास्त झाली म्हणतोस, अन् वर आणखी एक मागतोस?" मी त्यालाच चिडवलं. उशिराचा अहवालही 'चुकीच्या माहिती'त ढकलला.

पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद झाला, नेटवर्क गेलं. तिथल्या एका नर्सबाईंचे आठ दिवसांचे अहवाल नंतर एकदम आले आणि एकदम परत गेले. त्यांचा फोन आला.

"भाऊ, डोंग्यातून जाऊन लेकरांले लस देल्ली मी. मले खोटी काऊन ठरवून राह्यले?"

"बाई, प्रोग्राम खोटं बोलत नाही," मी म्हणालो. चौकशीच्या बैठकीतही तेच म्हणालो. परत गेलेले आठ दिवस काम झालंच नाही असं धरलं गेलं आणि बाईंच्या नोंदीत कामचुकारपणाची ताकीद चढली.

पुढच्याच आठवड्यात मी ते एक्सेप्शन गुपचूप घातलं. दहा मिनिटं लागली. चूक माझी होती हे कोणालाच सांगितलं नाही. ताकीद तशीच राहिली.

यंदा मी निवृत्त झालो, तेव्हा नंबर शोधून त्यांना फोन केला. त्याही आता निवृत्त.

"बोला भाऊ! काऊन आठवण केली?"

वाक्य पाठ करून बसलो होतो. तोंडातून निघालं, "सहज. पूर उतरला का, विचारायचं होतं."

"भाऊ, मार्च चालू हाय!" त्या खळखळून हसल्या. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

बरी आहे म्हणालो आणि फोन ठेवला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.