काटेमास्तरांची तीन महिन्यांची साखर

आमच्या ह्यांना बाजारात सगळे काटेमास्तर म्हणतात. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचं ह्यांचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. काटा दुरुस्त करणं हे अर्धं काम. तो कुणी मुद्दाम बिघडवलाय का, हे हुडकणं हे उरलेलं अर्धं, आणि त्यात ह्यांचा जीव जास्त रमतो. पारड्याच्या खाली चिकटवलेलं मेण, पोखरून पुन्हा बुजवलेलं वजन, असलं काही हाती लागलं की ह्यांचा चेहरा खुलतो. त्यामुळे जगात काही सरळ असतं ह्यावर ह्यांचा विश्वासच उरलेला नाही. मी बाजारातून टोमॅटो आणले तरी ते आधी काट्यावर चढतात, मग टोपलीत जातात. लग्न झालं तेव्हा मला ह्याचं कौतुक वाटायचं. पुढे पुढे वैताग यायला लागला.

ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि गेल्या वर्षी नेमका त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढला. औषधवाल्यांचे नाजूक काटे जुळवताना चिमट्यातलं चिमुकलं वजन भलतीकडेच पडायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितलं. ह्यांना साखर आहे हे आम्हाला ठाऊक होतं, गोळ्याही चालू होत्या. पण रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मान हलवली.

"तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा नऊ पूर्णांक दोन आहे," ते म्हणाले. "आठच्या खाली आणा, मग डोळ्याला हात लावतो. एवढ्या साखरेत जखम चिघळली तर आहे तो उजेडही जाईल."

डोळा गेला तर दुकान गेलं, आणि दुकानाशिवाय हा माणूस घरात बसलाय असं चित्र मला मनातसुद्धा आणवेना. ह्यांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली होती. बाहेर पडता पडता म्हणाले, "सकाळची उपाशीपोटीची साखर एकशे दहा आणि हा आकडा नऊच्या वर? कुठंतरी पाणी मुरतंय."

तिथून हे तडक लॅबमध्ये. रक्त काढणाऱ्या मुलीला म्हणाले, "तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलंय? कागद दाखवा." मी जमिनीकडे बघत उभी राहिले. पोरगी शहाणी होती. तिने कागद दाखवला आणि समजावूनही सांगितलं.

"काका, रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते. रक्तात जितकी जास्त, तितकी जास्त चिकटते, आणि पेशी मरेपर्यंत ती सुटत नाही. पेशी जगते तीन-चार महिने. त्यामुळे ह्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळपुरती. दिवसभर जेवणानंतर किती चढते, ते तिच्यात दिसतच नाही."

"म्हणजे आधी न कळवता टपकणारा इन्स्पेक्टर," हे म्हणाले.

"तसंच समजा."

समजून घेतलं असतं तर हे काटेमास्तर कसले! त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथे आकडा आला नऊ पूर्णांक एक. एकमेकांना न ओळखणारे दोन काटे एकच खोटं सांगणार नाहीत, एवढं ह्यांना मान्य करावं लागलं. मशीन सुटलं. मग संशयाला नवीन माणूस हवा होता, आणि घरात मी सोडून दुसरं कोण होतं?

आकडा उतरवायला साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी जेवणाचा छापील तक्ता दिला. गोड बंद, भाज्या भरपूर, भात मोजून. तो तक्ता ह्यांनी भिंगातून वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. मी "बघू" म्हटलं की "तुला काय करायचंय? मी सांगतो तेवढं कर." रोज सकाळी हे स्वतः तांदूळ तोलून दोन वाट्यांत काढून द्यायचे, शंभर-शंभर ग्रॅम. दाणा जास्त झाला तर चिमटीने उचलून परत डब्यात. मी ते शिजवून दोन डबे भरायचे, एक दहाचा, एक दुपारी दोनचा. रात्री नुसती भाजी आणि अंडं. एवढी कडक शिस्त बघून मला बरं वाटलं होतं, पण ह्यांचं समाधान कुठलं! आठवड्याभरात हे घरातला साखरेचा डबा रोज सकाळी तोलायला लागले. मी कशात तरी चोरून साखर घालते, असा ह्यांचा वहीम.

"मी कशाला घालू?" मी एकदा विचारलं.

"सवयीने. हाताला कळत नाही माणसाच्या."

आता खरं सांगायचं तर माझाही ह्यांच्यावर वहीम होता. ज्याला गोडाशिवाय घास उतरायचा नाही, तो माणूस एका दिवसात सुधारला? मी ह्यांचे खिसे चाचपायची, रुमालाचा वास घ्यायची. एकदा तर हे अंघोळीला गेले तेव्हा पिशवीचं अस्तर उसवून बघितलं आणि परत शिवलं. तेवढ्याने भागेना म्हणून एक दिवस मी बाजारात गेले आणि समोरच्या छत्रीवाल्याच्या दुकानात तास-दीड तास छत्र्या उघडत-मिटत बसले. ह्यांनी दोन वाजता डबा उघडला, खाली मान घालून सगळा संपवला, डबा विसळला, कामाला लागले. शेजारच्याने चहा पुढे केला तर हाताने नको म्हणाले. ह्यावर कुणाही शहाण्या बाईचं समाधान झालं असतं. मला वाटलं, मी दिसले असेन, म्हणून सोंग केलं.

तीन महिने झाले. पुन्हा रक्त दिलं. आकडा नऊ पूर्णांक तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून वळते तर हे साखरेच्या डब्यापाशी.

"चाळीस ग्रॅम कमी आहे," हे म्हणाले.

"मी चहा प्यायले. शेजारीण आली होती, तिनेही घेतला."

"चाळीस ग्रॅमचा चहा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने मी ह्या माणसासाठी वेगळं रांधत होते, आणि हा माझ्या चहाचे चमचे मोजत होता. ओट्यावर दहाचा भाताचा डबा भरून तयार होता. तो मी ह्यांच्या काट्यावर ताटली ठेवून सगळाच्या सगळा उपडा केला. "घराचं वजन करताय ना? मग हेही करा!"

ताटलीचं वजन ह्यांनी सवयीने वजा केलं. उरले दोनशे शहाऐंशी ग्रॅम.

"तो ओला आहे," हे शांतपणे म्हणाले. "ओला माल काट्यावर चढवत नाहीत. पाण्याचं वजन धरायचं नसतं."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? तक्ता काढा."

हे काढेनात. मी खिशात हात घालून काढला. ठळक छापलं होतं: शिजवलेला भात, शंभर ग्रॅम, दोन वेळा. मी दोनदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं.

"ते मी वाचलं होतं," हे म्हणाले. "मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक आहे. शिजलेलं कोण तोलतं? आणि शिजवून शंभर म्हणजे तांदूळ जेमतेम पस्तीस ग्रॅम. एवढ्यावर माणूस जगेल कसा? म्हणून मी दुरुस्त करून घेतलं."

"कुणाला न विचारता?"

हे त्या ताटलीतल्या ढिगाकडे बघत स्टुलावर बसले. रोज तिपटीच्या जवळपास, आणि तेही दोनदा. इकडे रात्री हलकं जेवण, त्यामुळे सकाळची साखर शहाण्या मुलासारखी. काटा बरोबर होता, तांदूळ बरोबर होता, ह्यांची नियतही साफ होती. मला आधी हसू आलं, पण ह्यांचा चेहरा बघून ते विरलं. "बत्तीस वर्षांत माझं वजन चुकलं नव्हतं गं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून भात शिजवून तोलायला लागलो. शंभर ग्रॅमने ह्यांची ताटली रिकामीच दिसायची, म्हणून उरलेल्या जागेत भाजी, डाळ, अंडं. जेवणानंतर हे दुकानाच्या गल्लीत वीस मिनिटं फेऱ्या मारायचे. पंधरा दिवसांत पुन्हा तपासू म्हणून मागे लागले, तेव्हा लॅबमधली पोरगी म्हणाली, "काका, जुन्या पेशी अजून फिरतायत. त्या तुमची जुनीच साखर सांगणार. धीर धरा." हे तीन महिने मला आधीच्या तिन्हींपेक्षा लांब वाटले, कारण मधल्या काळात उजव्या डोळ्याने ह्यांना माझा चेहराही धुरकट दिसायला लागला होता.

आकडा आला सात पूर्णांक सात. ह्यांनी मशीनचा कागद मागितला नाही. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं आणि डोळा छान उघडला.

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण ती माझ्या अंगाशी येते. ऑपरेशननंतर महिन्याभराने आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत होतो, फाइल ह्यांच्या हातात. बाईंचं अक्षर मुंगीएवढं, आजवर भिंगातूनही ह्यांना ते लागलं नव्हतं. आता नवा डोळा मिळालाय म्हटल्यावर हे एकेक पान उलटत कौतुकाने वाचत होते. मधेच थांबले. मग शाळेतल्या मुलासारखं स्पष्ट वाचलं:

"बारा तारीख. रुग्ण पथ्य पाळत नाही. चोरून गोड खातो, असे पत्नीचे म्हणणे."

मी छत्रीवाल्याकडे बसून आले होते, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एकटी येऊन बाईंना हे सांगून गेले होते. डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नसताना. बाई ऐकून सोडून देतील असं मला वाटलं होतं.

हे चिडले असते तर मी भांडले असते. हे चिडले नाहीत. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "त्या दिवशीचे डबे कुणी भरले होते?"

"मी."

"किती भरले होतेस, आठवतं?"

आठवत होतं. झाकण बसेना म्हणून मी भात चमच्याने दाबला होता, रोजच दाबायची. ते डोळ्यांना दिसत असून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि मी ह्यांच्या रुमालाचे वास घेत फिरत होते. मला इतकी लाज उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. मी ह्यांच्या हातातून फाइल घेतली आणि आमचा नंबर नसताना दार ढकलून आत शिरले.

"बाई, ही ओळ खोटी आहे," म्हटलं. "मी खोटं सांगितलं होतं. आजची तारीख घालून खाली तसं लिहा, आणि ह्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा."