अस्वलातले कप्तान

आमच्या बर्फघराच्या दारावर पाटी आहे, 'ध्रुवीय मोहिमेचा अस्सल अनुभव'. अस्सल म्हणजे काय, तर एक गारठलेलं मोठं दालन, खाली यंत्राने पाडलेला बर्फ, थर्माकोलच्या हिमनगात रुतलेलं प्लायवुडचं जहाज, आणि पेंग्विनांच्या शेजारी पांढरं अस्वल. अस्वल उत्तर टोकाचं, पेंग्विन दक्षिणेचे. पण तिकीट काढून आलेल्यांना त्याचं काय! मी तिकीट खिडकीवर बसते, जाड कोट-बूट भाड्याने देते आणि अस्वलाच्या पाठीची चेन ओढते. हे तिसरं काम नोकरीला लागताना कुणी सांगितलं नव्हतं.

अस्वलाच्या आत असतात ते आमचे कप्तान. आधी ते खरोखर कप्तान होते, म्हणजे आमच्या त्या जहाजाचे. टोपी, खोटी दाढी, हातात दुर्बीण. मोहिमांवरचे सिनेमे आणि माहितीपट बघून बघून त्यांना सगळं पाठ. पोरं गोळा करून रंगवून सांगायचे, बर्फाने जहाज कसं जखडलं, माणसं महिनोन्महिने कशी अडकली, वेळ घालवायला बर्फावर फुटबॉल कशी खेळली. तिथवर ठीक होतं. पण एकदा गडी रंगात आला आणि भुकेल्या माणसांनी आपलेच कुत्रे कसे खाल्ले, तेही सांगून बसला. पोरांनी असं भोकाड पसरलं की विचारू नका. मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि ज्यात बोलावंच लागत नाही ते काम कप्तानांना दिलं.

अस्वलाने बोलायचं नाही, आणि पोरांसमोर मुंडकं काढायचं नाही. बाहेर हुडहुडी, आत भट्टी. चेन पाठीवर आणि पंजे उशीएवढे, त्यामुळे दुसऱ्याने उघडल्याशिवाय सुटका नाही. त्यात कप्तानांना कोंडल्या जागेची भयंकर धास्ती. लिफ्टमध्येसुद्धा पाऊल ठेवत नाहीत, जिने चढून येतात. पहिल्या दिवशी चेन ओढली तेव्हा आतून आवाज आला, "ताई, लांब जाऊ नका हं."

मला रडूच आलं. संध्याकाळी मी चिडून म्हणाले, "सोडा ना ही नोकरी!"

"आणि या वयात मला दारात कोण उभं करणार?"

घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. घरी ते अजून कप्तानच होते.

गेल्या रविवारी खिडकीशी एक बाई आली, सोबत लहान मुलगी. मुलगी म्हणाली, "माझे आजोबा इथले कप्तान आहेत. आम्ही त्यांना न सांगता आलोय!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत जहाजावर नवा कप्तान, कॉलेजातला पोरगा, दाढी लोंबकळतेय. "ते... मोहिमेवर गेलेत," मी ठोकून दिलं. दोघींना कोट-बूट दिले आणि खिडकी तशीच टाकून मागोमाग आत गेले.

अस्वलाने त्यांना पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजलं. पळणार तरी कुठे? मुलगी थेट पुढ्यात गेली. "तुला माहितीये? जहाज अडकलं की फुटबॉल खेळायचा असतो. आजोबा सांगतात."

तिने बर्फाचा गोळा करून पायाने ढकलला. अस्वलाने परत ढकलला. खेळ चांगलाच रंगला, पण अस्वलाची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि पुरे करा आता, असं ओरडावंसं मला वाटत होतं. मुलीची आई मात्र अस्वलाच्या पायांकडे बघत होती. कप्तान उजवा पाय किंचित ओढत चालतात. ते कितीही जाड कातडं चढवलं तरी लपत नाही.

त्या निघाल्या तशी मी खिडकीवर परतले. मुलगी बूट बदलत होती. बाईने कोट परत केले आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "त्यांची चेन लगेच उघडा हो. बाबांना कोंडलेलं सोसत नाही. आणि मी ओळखलं, हे त्यांना सांगू नका."

मी धावतच गेले. कप्तानांना मागच्या खोलीत नेऊन चेन उघडली, मुंडकं काढलं. ते घामाने निथळत होते, धाप लागली होती, पण डोळे माझ्या तोंडाकडे.

"ओळखलं का हो त्यांनी?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. अस्वल छान खेळतं म्हणाल्या."

त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात पुढच्या खेळाची घंटा झाली. त्यांनी मुंडकं स्वतःच उचललं आणि माझ्याकडे पाठ केली.

"ओढा, ताई."

मी चेन ओढली आणि तिथेच उभी राहिले.